वळणावरची खडखड

आमच्या गाडीची खडखड मावशीला नातेपुत्यात घरबसल्या ऐकू यायची. गाडी गल्लीच्या वळणावर आली की ती हातातलं काम टाकून चहाचं आदण ठेवायची, आणि आम्ही दारात उतरेपर्यंत पाण्याला उकळी फुटलेली असायची. वडील होते तोवर हा नेम कधी चुकला नाही. गाडी दुरुस्त करा म्हटलं की वडील म्हणायचे, "मग हॉर्न वाजवत बसावं लागेल."

वडील गेले, त्याला तीन वर्षं झाली. गाडी राहिली. छोटी, पांढरी, पंचवीस वर्षांची. पुढच्या डाव्या सीटची पाठ त्यांनी मुद्दाम गादीवाल्याकडून आईच्या उंचीला बेतून घेतली होती. पुढे आईच्या कंबरेचं ऑपरेशन झालं. त्यानंतर तिला धड बसता येईल अशी जगात ती एकच सीट उरली, आणि तीही अशा गाडीत, जी प्रत्येक खड्ड्याला खालून गुद्दा मारायची. कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत जातानाही आई दरवाज्यावरची मूठ दोन्ही हातांनी धरून बसायची, डोळे मिटून. एकदा भाड्याची गाडी करून पाहिली. ड्रायव्हरनं असा काही ब्रेक मारला, की आई चार दिवस अंथरुणातून उठली नाही. त्यानंतर भाड्याच्या गाडीचं नावही काढायची सोय नव्हती.

अशी दोन वर्षं गेली. दोघी बहिणी फोनवरच भेटत राहिल्या. आणि मे महिन्यातल्या एका बुधवारी मावशीचा फोन आला. तिचा मुलगा तिला कायमचं बेंगळुरूला न्यायला आला होता. सोमवारी पहाटे निघायचं. घराला कुलूप.

आईनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "रविवारी म्या जानार. चालत जाईन, न्हायतर रांगत जाईन, पर आक्काला तिच्या घरात बगून येनार."

मी नववीला विज्ञान शिकवते. स्वभाव तापट आहे, ते मी नाकारत नाही. वर्गातल्या मुली मागून मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "रांगायची गरज नाही. गाडी मी करते."

"तू?"

"मी."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की तिथेच माझा निश्चय पक्का झाला.

खरं म्हणजे काम मिस्त्रीचं होतं, पण मिस्त्रीकडे जायला मला तोंड नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यानंच पुढची दोन्ही बुशं बदलली होती. बुश म्हणजे काही फार मोठी भानगड नाही. आत लोखंडी नळी, तिच्याभोवती जाड रबर, त्याच्यावर पुन्हा लोखंडी कडं. चाकाला धरून ठेवणारा लोखंडी हात, त्याला आर्म म्हणतात, तो गाडीच्या अंगाला जिथे जोडलेला असतो तिथे हे बुश बसतं आणि नळीतून आरपार बोल्ट जातो. रस्त्याचा धक्का रबर सोसतं. रबर फाटलं की लोखंडावर लोखंड आपटतं आणि माणसाच्या कंबरेला त्याची खबर लागते. मिस्त्रीनं घातलेली बुशं सहा महिन्यांत गेली. त्या सहा महिन्यांत आईची कंबर धरलेली, त्यामुळे नातेपुत्याला जाणं काही झालंच नाही. मी भर दुपारी त्याच्या गॅरेजात जाऊन नकली माल घातला म्हणून त्याला चोर म्हटलं होतं. चार गिऱ्हाइकांसमोर. तो काही बोलला नाही, हात पुसत राहिला. मला वाटलं, चोराला काय उत्तर सुचणार.

इतर दोन गॅरेजवाले गुरुवारी सकाळी येऊन बघून गेले. गाडी दीड वर्ष दारातल्या लिंबाखाली जवळजवळ उभीच होती, आणि त्या जागी पावसाळ्यात नळाचं, नालीचं सगळं पाणी साचतं. बोल्ट गंजून जाम झाले होते. दोघांचं म्हणणं एकच पडलं: बोल्ट सुटणार नाही, कापावा लागेल, मग आर्म नवा घालावा लागेल, आणि एवढ्या जुन्या गाडीचा आर्म बाहेरून मागवावा लागेल. मंगळवारी येईल.

मंगळवारी मावशी बेंगळुरूत असणार होती. म्हणजे बोल्ट मोडून चालणार नव्हतं, कापून चालणार नव्हतं. तो अख्खा बाहेर आला पाहिजे आणि तोच परत आत गेला पाहिजे. मी बाजारात जाऊन उत्तम प्रतीची दोन बुशं आणली, जुन्या दुकानदारानं कपाटातून शोधून दिलेली. वडिलांची हत्यारांची पेटी काढली. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढून जॅकवर गाडी उचलली, खाली लोखंडी स्टँड दिले, साडीच्या जागी जुना पंजाबी ड्रेस चढवला आणि गाडीखाली शिरले.

आत शिरल्यावर मला जे वाटलं ते सांगायलाच हवं. मला आनंद झाला. पंचवीस वर्षं ज्या गाडीत बसले, तिचं पोट मी पहिल्यांदा पाहत होते. वर्गात फळ्यावर बाण काढून बल शिकवते, ते सगळे बाण इथे लोखंडाचे होऊन बसले होते. हा आर्म, हे चाक, हा धक्का इथून येतो, इथे जातो.

मग पाना लावला. बोल्ट हलला नाही. पान्याला पाइप लावून लांबवला. हलला नाही. दोन्ही पाय टेकवून ओढलं तेव्हा पाना सटकला आणि माझी बोटं थेट आर्मवर आपटून सोलून निघाली. तोंडातून जे शब्द निघाले ते नववीच्या पुस्तकात नाहीत.

"बाई, त्याला शिव्या कळत न्हाईत."

आमचे शेजारी मामा वाकून खाली बघत होते. मामा म्हणजे वडिलांचे जुने दोस्त, घरी तेलुगू बोलणारे, चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. बंद पडलेला माग चालू करून देणं हे जॉबरचं काम. आता निवृत्त आहेत, पण तेलाची लांब चोचीची बुधली अजून त्यांच्या खिडकीत असते.

"सोडाय बसलाव, पण आधी आवळा की," मामा म्हणाले.

"मामा, मला सोडायचाय."

"म्हणूनच. गंजलेला बोल्ट हट्टी असतो. उलटा ओढलाव की मुंडीच तुटते. थोडा आवळायचा, केसभर. गंज तडकला की मग मागं घ्यायचा. आणि आज काहीच करायचं न्हाई. आज निस्तं तेल पाजायचं."

उन्हात भाजून निघालेली मी चिडले. रविवार डोक्यावर आहे आणि हे तेल पाजत बसणार. पण सोललेली बोटं मामांच्या बाजूनं बोलत होती. गुरुवारभर आम्ही दर तासाला बोल्टला तेल पाजलं. आई खिडकीतून बघत होती. संध्याकाळी तिनं नवी पेठेतून शेजारणीकरवी मावशीसाठी इरकली साडी आणवली आणि घडी मोडून, परत घालून, दहा वेळा बघितली. गाडीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. न विचारण्याचाही एक आवाज असतो, तो मला रात्रभर ऐकू आला.

शुक्रवारी सकाळी सातलाच मामा आले. हातात गॅसची छोटी टॉर्च आणि देवघरातली एक मेणबत्ती. पाण्याची बादली शेजारी ठेवायला लावली, आजूबाजूला ओलं फडकं गुंडाळायला लावलं, मग टॉर्चनं नट तापवला. तापवून टॉर्च बंद केली आणि गरम नटाला मेणबत्ती टेकवली. मेण वितळलं आणि सरळ आटे असतात तिथे आत शिरलं. डोळ्यांदेखत ते आत ओढलं गेलं. केशाकर्षण. वर्षानुवर्षं मी हे काचेच्या बारीक नळीत रंगीत पाणी चढवून दाखवत आले, आणि एकाही मुलीनं कधी डोळे मोठे केले नाहीत. आज माझे मोठे झाले.

"आता धरा पाना," मामा म्हणाले. पाइपच्या टोकाला त्यांनी हात लावला, माझ्या हाताशेजारी. मामा मोजताना कायम तेलुगूत मोजतात, धागे मोजायची सवय. "आधी आवळायचं. ओकटी, रेंडू, मूडू."

मूडूला जोर लावला. काही नाही. पुन्हा ओकटी, रेंडू, मूडू. काही नाही. तिसऱ्यांदा कट्ट असा आवाज झाला. बोल्ट तुटला, मंगळवार आला, मावशी गेली, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

मामा हसत होते. "तुटला न्हाई. बोलला."

मग उलटा जोर लावला आणि नट फिरला. केवढासा फिरला म्हणावं, तर घड्याळाच्या काट्याएवढा. पण फिरला. मी गाडीखालून ओरडले, "आई, सुटला." गल्लीतल्या दोन बायका धावत आल्या, त्यांना वाटलं कोणाला तरी लागलं.

नट निघाला तरी बोल्ट नळीतच रुतलेला. बोल्टचं डोकं फिरवलं की नळीही त्याच्याबरोबर गरगर फिरायची, बाहेर काही यायची नाही. मामांनी नट परत टोकावर बसवायला लावला, आटे ठेचले जाऊ नयेत म्हणून, आणि त्यावर लाकडाचा ठोकळा धरून हातोडा. ठोकायचं, तेल, फिरवायचं, पुन्हा ठोकायचं. पाऊण तासानं बोल्ट करकरत बाहेर आला, तांबडा, तेलानं निथळणारा, अख्खा. मी तो ओढणीत पुसून आईला दाखवायला घरात नेला. आई म्हणाली, "बया, ह्या एवढ्याशासाठी?" पण हातात घेऊन बराच वेळ बघत होती.

पुढचं सगळं माझ्या हातानं झालं. लांब बोल्ट, जाड वॉशर आणि पाइपाचा तुकडा एवढ्यावर जुनं बुश दाबून बाहेर काढलं. नवं बसवताना रबराला तेल चालत नाही, म्हणून साबणाचं पाणी लावलं. बुश सरकत सरकत आपल्या घरात बसलं. बोल्ट घातला, नट लावला, आणि पाइपाला लोंबकळून असा आवळला, की आता तो सात जन्म सुटणार नाही. डावी बाजू झाली. दुपारी मी ताटावर बसले तेव्हा घासागणिक मी कशी केली ते सांगत होते. आईनं शेवटी वाटीत भाजी वाढली आणि म्हणाली, "आता जेव."

शनिवारी उजवी बाजू. आता मी शिकलेली बाई होते. तेल आदल्या दिवशीच पाजलं होतं. तापवलं, मेण दिलं, एकटीनंच ओकटी, रेंडू, मूडू म्हणत आवळलं, आणि पहिल्या झटक्यात कट्ट. अकरापर्यंत बुश बाहेर. मामा लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. मी जुनं बुश विजयी मुद्रेनं त्यांच्या हातात दिलं. "बघा मिस्त्रीचा नकली माल."

मामांनी चष्मा पुसला, बुश फिरवून पाहिलं. मग मी आणलेलं नवं मागितलं. दोन्ही शेजारी धरली. कड्यावरचा छाप एकच होता. तोच शिक्का, तेच अक्षर.

"माल नकली न्हाई, बाई," ते म्हणाले. "आणि हे झिजलेलंबी न्हाई. हे पिळून फाटलंय. बघा, फाट कशी एकाच बाजूला वळलीय. हे आवळलं तेव्हा गाडी वर होती का खाली?"

"वर. वर असतानाच आवळतात ना, खाली हात कुठून जाणार?"

"मागाचा पट्टा आवळताना आम्ही माग आधी हातानं फिरवून चालायच्या जागी आणतो. मगच आवळतो. न्हाईतर माग चालू झाला की पट्ट्याला जन्मभर ओढ." त्यांनी हाताचा पंजा खाली लोंबकळवला. "गाडी वर उचलली की हा आर्म असा खाली लोंबतो. तसाच आवळलाव तर रबर तिथंच पकडलं. मग गाडी खाली सोडलाव, आर्म वर आला, रबर पिळलं. गाडी उभी असली तरी पिळलेलं. ते किती दिवस टिकेल?"

मी ऐकत होते, पण मला मामांचा आवाज ऐकू येत नव्हता. मला दोन वर्षांपूर्वीचं गॅरेज दिसत होतं. संध्याकाळची वेळ, मी मिस्त्रीच्या डोक्यावर उभी, आईला दवाखान्यात न्यायचंय म्हणून त्याला घाई करणारी. तो गाडीखालून म्हणाला होता, "बाई, गाडी खाली घेऊन एकदा आवळून देतो, अर्धा तास थांबा." आणि मी म्हटलं होतं, "आणखी काय आवळायचंय? असूद्या. चावी द्या." चावी मी त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली होती.

चोर म्हणायला गेले तेव्हा त्याला उत्तर सुचलं नव्हतं असं नाही. त्यानं ते दिलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली, की मी तशीच लिंबाच्या पारावर बसून राहिले. आणि त्या लाजेतच लख्ख आठवलं, की काल डावी बाजू मीसुद्धा लोंबकळतीच आवळलीय, वर पाइपाला लटकून.

"मामा," मी म्हटलं, "डावीपण."

"ठाऊक हाय. काल सांगणार होतो, पण तुम्ही बोलायला जागाच ठेवला न्हाईत."

त्या वाक्यावर मला राग यायला हवा होता. मी हसले, आणि हसता हसता उठलेसुद्धा, कारण घड्याळात साडेअकरा झाले होते आणि रविवार अजून आपल्या जागेवर होता.

डावीचा नट पुन्हा ढिला केला. सात जन्मांचा बंदोबस्त होता, पण मेणावर तो मुकाट्यानं सुटला. उजवीचं नवं बुश बसवून नट नुसता हातानं लावला. मग स्टँड तसेच ठेवून चाकाजवळ आर्मच्या टोकाखाली जॅक दिला आणि हळूहळू चढवला. आर्म वर येत गेला, गाडीचा भार त्याच्यावर येत गेला, आणि गाडी स्टँडवरून कागद सरकेल एवढी सुटली. मामा खुर्चीतून म्हणाले, "आता ती रस्त्यावर उभी हाय असं समजतीय. आवळा." आधी उजवी, मग डावी. पाना शेवटच्या जागी थांबला तेव्हा मला ओरडून कोणालातरी सांगायचं होतं, की सगळी गंमत जोरात नव्हती, जागेत होती.

गाडी खाली घेतली आणि पहिली फेरी मी मिस्त्रीच्या गॅरेजपर्यंत मारली. वाटेतल्या एकाही खड्ड्यानं गुद्दा मारला नाही. खड्डा यायचा, गाडी मऊ वाकायची आणि पुढे जायची. मी मुद्दाम दोन खड्डे शोधून त्यातून नेली. गॅरेजसमोर थांबले तर मिस्त्री बाहेर आला, मला बघून जागीच उभा राहिला. मग त्यानं पुढे येऊन बॉनेटवर दोन्ही हातांनी भार दिला, सोडला, पुन्हा दिला. कान देऊन ऐकलं.

"कुणी केलं?"

"मी. खाली घेऊन आवळलं. तुम्ही सांगितलं होतंत, मी ऐकलं नव्हतं." मग गॅरेजात त्या वेळी होती ती दोन गिऱ्हाइकं ऐकतील एवढ्या आवाजात म्हटलं, "माल चांगला होता. चूक माझी होती."

तो हात पुसत राहिला, त्या दिवशीसारखाच. मग म्हणाला, "शंभर किलोमीटरनंतर एकदा नट तपासा, बाई. आणि आईंना घेऊन सावकाश जा."

रविवारी सकाळी आई सीटवर बसली, सवयीनं तिचा हात मुठीकडे गेला. शहर संपेपर्यंत तो तिथेच होता. मग तिला मांडीवरची शेंगाचटणीची बरणी सांभाळायची आठवण झाली आणि तिनं दोन्ही हात बरणीवर ठेवले. मी बघितलं, पण काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं मूठ पुन्हा धरली असती. दोनदा थांबून ती चार पावलं चालली. पुढे कधीतरी तिचा डोळा लागला.

नातेपुत्यात गल्लीच्या वळणावरून गाडी आत घेतली. दारात उभी केली. मावशीचं दार उघडं होतं आणि ती आमच्याकडे पाठ करून ओसरीवर बसली होती, बोचकं बांधत. तिनं वळूनही पाहिलं नाही. आई बरणी माझ्या हातात देऊन स्वतःची स्वतः उतरली, भिंतीला हात लावत पायरीशी गेली.

"आक्का."

मावशी वळली आणि तिच्या हातातली गाठ सुटली. "कवा आलीस? आवाज न्हाय आला गं. सकाळधरनं कान वळनावर हायती माजं. आवाज न्हाय आला, म्हनलं न्हाय जमलं तुमास्नी." मग तिला एकदम सुचलं, आणि ती गुडघ्यावर हात देऊन उठायला लागली. "आदनबी न्हाय ठिवलं म्या."

आईनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"बस तू," आई म्हणाली. "आज म्या ठिवते." आणि आधार न घेता सरळ स्वयंपाकघरात गेली.